न सापडलेल्या कणांचा शोध

रमजानच्या एकोणतिसाव्या दिवशी, रोजा सोडला की आमच्या सांगलीत गच्च्यांवर माणसं पश्चिमेकडे बघत उभी राहतात. चाँद दिसला तर उद्या ईद. नाही दिसला तर आणखी एक रोजा. म्हणजे न दिसण्यानंही उद्याचा दिवस ठरतो. मात्र पाहणाऱ्यानं नीट पाहिलेलं असलं पाहिजे.

पदार्थविज्ञानातला एक मोठा शोध आज अशाच टप्प्यावर आहे.

विश्वातले मूलकण दोन घराण्यांतले. इलेक्ट्रॉन, क्वार्क यांच्यापासून द्रव्य घडतं, ते फर्मिऑन. प्रकाशाचा फोटॉन, क्वार्कांना बांधून ठेवणारा ग्लुऑन हे बल वाहून नेणारे; ते बोसॉन, आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावाचे. १९७० च्या दशकात अशी कल्पना पुढे आली, की एका घराण्यातल्या प्रत्येक कणाला दुसऱ्या घराण्यात जोडीदार असावा. हीच सुपरसिमेट्री, म्हणजे अतिसममिती. ग्लुऑनच्या या जोडीदाराला ग्लुइनो म्हणतात. असे कण खरोखरच असतील, तर आकाशगंगांना सावरून धरणारं न दिसणारं द्रव्य कशाचं बनलंय, या कोड्याचंही उत्तर कदाचित त्यांच्यापैकी सर्वांत हलक्या कणात सापडेल.

हे जोडीदार जड, म्हणून ते जोरदार टकरीतूनच जन्मणार. त्यासाठी जिनिव्हाजवळ जमिनीखाली सर्न संस्थेचं २७ किलोमीटर घेराचं भुयार आहे. साताऱ्याहून कास पठारापर्यंतचं अंतर साधारण तेवढंच. तिथल्या यंत्रात प्रोटॉन समोरासमोर आदळवतात.

न दिसणारा कण ओळखायचा कसा? सुतळी बॉम्ब फुटला की चिंध्या चहूकडे उडतात. सगळ्या एकाच बाजूला सापडल्या, तर दुसऱ्या बाजूला काहीतरी नजर चुकवून निसटलं, असं समजावं. न्यूट्रिनोही असेच निसटतात, त्यांचा हिशेब वेगळा करावा लागतो. शिवाय शोधयंत्रातूनच ऊर्जा गळत असेल तर फसगत व्हायची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी ‘सीएमएस’ या शोधयंत्राच्या बाहेरच्या बाजूला खास प्लास्टिकच्या फरशांचा थर उभारण्यात मोठा वाटा उचलला, तो यासाठीच. आतून निसटलेली ऊर्जा हा थर टिपतो.

असे कण टकरींत कसे ओळखावेत, याचा विचार करण्यात पुण्यात १९५२ साली जन्मलेल्या रोहिणी गोडबोले यांनी आयुष्याची कित्येक वर्षं घातली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्या प्राध्यापक होत्या. दोन सहकाऱ्यांसह त्यांनी २००४ साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. २०१२ मध्ये सर्नला हिग्ज कण सापडला; अतिसममितीचा मात्र एकही नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रोहिणीताई गेल्या.

मग एवढे कष्ट वाया गेले का? मला तसं वाटत नाही. साध्या प्रतिकृती धरल्या तर ग्लुइनो, असलाच, तर प्रोटॉनच्या दोन हजार पटींहून जड असला पाहिजे, हे आज सांगता येतं. कितीतरी सोपे तर्क त्यामुळे बाद झाले. कुठं नाही, हे इतक्या नेमकेपणानं सांगायला आधी कुठं आणि कसं पाहायचं ते कुणीतरी शिकवावं लागतं. ते काम त्यांच्यासारख्यांनी केलं.

गच्चीवरून उतरताना आम्ही चाँद नाही म्हणून रुसत नाही. उद्याच्या सहेरीची तयारी करतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)