भंगाराचा माल घेताना कायदाही पाहा

भंगाराच्या धंद्यात आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कुर्ल्याची गोदामे असोत वा धारावीतले प्लास्टिकचे कारखाने, लोकांनी टाकून दिलेल्या मालाला बाजारभाव मिळवून देणारे हात बहुधा आपल्याच वस्तीतले असतात. परंतु कायद्याला 'भंगार' हा एक शब्द पुरत नाही. लोखंडाचा पत्रा, गाडीची जुनी बॅटरी, गॅरेजचे काळे तेल आणि बंद पडलेला संगणक, या प्रत्येकासाठी नियम वेगळे आहेत.

हा फरक न कळल्याने काय होते, ते दिल्लीच्या मायापुरी बाजाराने पाहिले आहे. २०१० साली दिल्ली विद्यापीठाने रसायनशास्त्र विभागातील एक जुने यंत्र लिलावात काढले. आत कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता. यंत्र भंगारवाल्यांच्या हाती गेले, कापले गेले आणि तुकडे दुकानादुकानांत पांगले. अनेक जण आजारी पडले, एका कामगाराचा जीव गेला. चूक विकणाऱ्याची, पण भोगले घेणाऱ्याने. दवाखाना, प्रयोगशाळा वा कारखान्याचे जड, शिशाने मढवलेले यंत्र आले तर ते कशाचे आहे, हे लेखी घेतल्याशिवाय त्याला कटर लावू नये.

भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. कचऱ्याचे बहुतेक नियम त्याच्याच पोटातले. घातक कचऱ्याचे नियम प्रथम १९८९ साली झाले, २०१६ साली नव्याने आले. मुलामा देणाऱ्या कारखान्याचा गाळ, चामडे कमावतानाचा क्रोमचा गाळ, वापरलेले तेल हे सर्व त्यात मोडते. असा माल हाताळायला राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते आणि साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. नोंदवही ठेवावी लागते. आपल्याकडे हिशेब डोक्यात ठेवण्याची सवय जुनी; इथे ती महागात पडते.

बॅटरीचे नियम २००१ चे होते. त्यांची जागा २०२२ च्या नियमांनी घेतली. जुन्या बॅटरीतले शिसे गल्लीत भट्टी लावून वितळवणारे आजही आहेत. त्या धुरातले शिसे आधी घरच्या लहान मुलांच्या रक्तात जाते, गिऱ्हाइकाच्या नव्हे. आम्ल गटारात ओतणे हा गुन्हा तर आहेच, शेजाऱ्यांवर अन्यायही आहे.

इलेक्ट्रॉनिक मालाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. पूर्वी २१ प्रकारच्या वस्तू होत्या, आता १०६ आहेत. नोंदणी उत्पादक, कंपनी, दुरुस्ती करून विकणारा आणि रिसायकलर यांची होते. नुसती तोडफोड करणाऱ्याची वेगळी नोंद २०१६ च्या नियमांत होती, ती आता उरली नाही. छोट्या दुकानदारावर हा अन्यायच म्हणावा लागेल, पण नियम तसा आहे. तेव्हा संगणक, मोबाइल न फोडता अखंड गोळा करून नोंदणीकृत रिसायकलरला विकणे हा सरळ मार्ग. मुरादाबादेत पितळी कामाचे कितीतरी कारागीर मंदीनंतर सर्किट जाळून आणि तेजाबात धुऊन तांबे काढू लागले. रामगंगेच्या काठी राखेचे ढीग साचले. कमाई रोजची, दमा कायमचा.

दंडाचेही बदलले आहे. १ एप्रिल २०२४ पासून १९८६ च्या कायद्याखाली बहुतेक उल्लंघनांना तुरुंगाऐवजी १० हजारांपासून १५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे आणि तो कोर्टाऐवजी नेमलेला अधिकारी ठरवतो. दंड मुदतीत भरला नाही तर कैदेची तरतूद अजून शिल्लक आहे.

मोठ्या कंपन्या आणि सरकारी खाती आता असा माल लिलावात काढताना मंडळाची कागदपत्रे मागतात. ती नसली की चांगला माल दुसऱ्याच्या गोदामात जातो. महाराष्ट्रात अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर करता येतो. दोघा-चौघा व्यापाऱ्यांनी मिळून एक जाणकार मुनीम नेमला तरी हे काम निभते.