मे माशीची उत्क्रांती
मे माशी ही एफेमेरॉप्टेरा गणातील कीटक असून या गणाच्या ३,००० हून अधिक जाती जगभर आढळतात. तिचे बहुतेक आयुष्य गोड्या पाण्यात अर्भकावस्थेत जाते. प्रौढास मुखांगे केवळ अवशेषरूपात असल्याने ते काही खात नाही व काही तास ते काही दिवसच जगते. पाण्याबाहेर आलेले पंखयुक्त उपप्रौढ पुन्हा एकदा कात टाकते. पंख फुटल्यानंतर कात टाकणारा आजचा हा एकमेव कीटकगण होय. या प्राचीन लक्षणामुळे पंखांच्या उत्पत्तीच्या अभ्यासात त्यास महत्त्व आहे.

तृणमणी म्हणजे वृक्षांची कठीण झालेली राळ. ओढ्याकाठी उडणारे कीटक राळेत अडकून त्यांच्या पंखांच्या शिरा, नेत्र व पाय सूक्ष्म तपशिलासह टिकतात. अर्भके पाण्यात राहत असल्याने तृणमण्यात क्वचितच सापडतात. म्यानमारमधील सु. ९.९ कोटी वर्षांपूर्वीच्या तसेच बाल्टिक प्रदेशातील इओसीन काळातील तृणमण्यांत मे माश्या मिळाल्या आहेत. बेटिस्किडी कुल आज फक्त उत्तर अमेरिकेत आढळते. परंतु त्यातील एका वंशाचे बाल्टिक तृणमण्यातून २००२ मध्ये वर्णन झाले. त्यावरून हे कुल पूर्वी यूरोपातही होते, असे दिसते. केवळ आजचा प्रसार पाहून मूलस्थान ठरविणे किती फसवे असते, हे यातून कळते.

मुंबई उपनगरांतील खडक मुख्यतः दख्खनच्या लाव्ह्याचे आहेत. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ही बेसाल्टाच्या स्तंभांची आहे. तप्त लाव्ह्यात कीटक टिकत नाहीत. लाव्ह्याच्या थरांमधील गाळाच्या खडकांत मात्र जीवाश्म मिळतात. मुंबईतील वरळी येथील अशा थरांतील बेडूक रिचर्ड ओएन यांनी १८४७ मध्ये वर्णिला. भारतातील कीटकसमृद्ध तृणमणी उत्तरेस सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइटाच्या खाणीत मिळाला. तो सु. ५ कोटी वर्षांपूर्वीचा असून शालकुलातील वृक्षांच्या राळेपासून बनला आहे. या राळेच्या रासायनिक विश्लेषणात पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांचाही भाग आहे. त्यातील कीटकांचे आशिया व यूरोपातील कीटकांशी आप्तसंबंध २०१० मध्ये दाखविण्यात आले. भारतीय भूखंड दीर्घकाळ एकाकी राहिल्याने येथील जीवसृष्टी अगदी वेगळी असावी, या समजुतीस त्यामुळे धक्का बसला.

तृणमण्यातील कीटकांचा डीएनए मिळाल्याचे दावे १९९० नंतरच्या दशकात झाले. पण इतर प्रयोगशाळांत ते सिद्ध झाले नाहीत. म्हणून आनुवंशिक पुरावा आजच्या जातींपासून घ्यावा लागतो. जनुकांतील फरकांवरून शाखांचा क्रम समजतो, तर वय माहीत असलेल्या जीवाश्मावरून एखादी शाखा निदान केव्हापासून अस्तित्वात आहे, हे ठरते. २०१४ मध्ये १४४ जातींतील १,४७८ जनुकांच्या तुलनेवरून कीटकांचे उड्डाण सु. ४० कोटी वर्षांपूर्वी सुरू झाले असावे, असा अंदाज करण्यात आला. कीटकयुक्त तृणमणी मात्र बहुधा गेल्या १३ कोटी वर्षांतील असल्याने त्याआधीच्या इतिहासासाठी खडकांतील ठशांवर अवलंबून राहावे लागते. क्लोइऑन डिप्टेरम या जातीचा जनुकसंच २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. गंधाशी संबंधित काही प्रथिनांची जनुके अर्भकाच्या क्लोमांत कार्यशील आढळल्याने क्लोम श्वसनाबरोबर संवेदनाचेही कार्य करीत असावेत, असे सुचविले गेले. मे माशी, चतुर व इतर पंखयुक्त कीटक यांचे परस्पर नाते मात्र अद्याप निर्विवाद ठरलेले नाही.

या अभ्यासाचा कच्चा माल जिवंत ओढ्यांत आहे. मे माशीची बहुतेक अर्भके स्वच्छ, प्राणवायुयुक्त पाण्यातच वाढतात; म्हणून ती पाण्याच्या शुद्धतेची निदर्शक मानली जातात. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील टेकड्यांत उगम पावणारी दहिसर नदी वस्तीत शिरताच सांडपाण्याने दूषित होते. अशा ठिकाणी संवेदनशील जाती नाहीशा झाल्यास त्यांच्या जनुकांतील पुरावाही नष्ट होतो. कारण तृणमणी आकार जपतो, जनुके जपत नाही.