मुळा-मुठेचे पाणी डाळजच्या काठी

पुण्याच्या नदीकाठी दाटीने वसलेल्या झोपडवस्त्यांत, जेथे गटार उंबऱ्याशी वाहते आणि नळाचा दाब उतरताच फुटक्या जोडातून तेच पाणी पिण्याच्या हंड्यात शिरते, तेथे कावीळ, विषमज्वर व अतिसार ही दैवाची नव्हे, परिसराची अपत्ये होत. ते मैलापाणी, शुद्धीकरण अपुरे पडल्यामुळे, मुळा-मुठेतून भीमेस मिळते आणि १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात, इंदापूर तालुक्यातील डाळजच्या परिसरात, येऊन साचते. मग जलपर्णी माजते, आणि हिरवट पाण्यात उभे राहून जाळे ओढणाऱ्याच्या पायांना खाज सुटते. दवाखाने अवश्य वाढवावेत. परंतु शुद्ध केल्याविना मैलापाण्याचा एक थेंबही नदीत सोडू नये, अशी सरकारदरबारी आमची कळकळीची मागणी आहे.