डोंगराकडे पाहणारे इंदिरानगर

नाशिकच्या मुंबई नाक्यावरून पाथर्डी फाट्याकडे निघाले की महामार्गाच्या डाव्या हाताला इंदिरानगर लागते. रथचक्र चौक, राजीवनगर, वडाळा-पाथर्डी रस्ता अशी ही मध्यमवर्गीय वस्ती. बाहेरच्याला पत्ता सांगताना मात्र आधी नाव येते ते महामार्गाखालच्या बोगद्याचे. थोडे पुढे सातवाहनकालीन शिलालेखांची पांडवलेणी आहेत.

याच महामार्गावरून मार्च 2018 मध्ये किसान सभेचा लाँग मार्च गेला. 6 मार्चला सीबीएस चौकातून निघालेले मोर्चेकरी सुमारे 180 किलोमीटर चालून 12 तारखेला पहाटे मुंबईच्या आझाद मैदानात पोहोचले. त्यांत सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणचे कोकणा, वारली, महादेव कोळी शेतकरी मोठ्या संख्येने होते. 2006च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसत्या जमिनीचा सातबारा मिळावा, ही त्यांची मुख्य मागणी.

ती जमीनच त्यांच्या संस्कृतीचा पाया आहे. राब भाजून, उतारावर नागली-वरई लावून वर्ष चालते. वाघबारशीला वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. मार्गशीर्षात पावरीच्या सुरांवर डोंगऱ्या देवाचा उत्सव रात्र-रात्र रंगतो. पण भाताची कापणी उरकली की पाडे रिकामे होतात. कोणी निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत जातो, कोणी नाशिकच्या बांधकामांवर. मुले आश्रमशाळेत प्रमाण मराठी शिकतात आणि घरची कोकणा, वारली बोली मागे पडते.

आर्क्टिकमध्येही माणसे अशीच आपल्या मुळापासून तुटली. ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरील शिकारी कुटुंबांना सरकारने नुक शहरातील इमारतींमध्ये आणून बसवले. त्यांतली 1960च्या दशकातली ‘ब्लॉक पी’ ही लांबलचक इमारत 2012 मध्ये पाडावी लागली. शिकारीची अवजारे ठेवायला त्या घरांत जागा नव्हती. आपल्याकडे असा हुकूम कोणी काढला नाही. पोटानेच माणसे शहरात आणली.

बदल एकतर्फी मात्र नाही. एके काळी गरिबाचे धान्य म्हणून हिणवलेली नागली आज शहरी घरांत पौष्टिक म्हणून मानाने येते. 2023 हे वर्ष तर संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून पाळले. नाशिककरांनी नागली आपलीशी केली. ती पिकवणाऱ्याच्या बोलीला शाळेत आणि त्याच्या पावरीला शहराच्या रंगमंचावर हक्काची जागा मिळायला हवी. त्याआधी, त्याच्या नावचा सातबारा त्याच्या हाती पडायला हवा.