तंबोऱ्याचा अर्धा कारागीर

सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत तयार झालेले तंबोरे आणि सतारी देशभर जातात, परदेशीही जातात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि दीडशेहून अधिक वर्षांच्या कारागिरीवर सरकारी मोहोर उमटली. पण या मानांकनाने नेमके काय राखले जाणार आहे, हा प्रश्न शिल्लक राहतो. तंबोऱ्याचा भोपळा मिरजेच्या मातीत पिकत नाही, लाकूड बाहेरून येते, तारा तर बाहेरच्याच. मिरजेचे स्वतःचे जे आहे ते म्हणजे या सगळ्यातून बोलका नाद काढण्याचे ज्ञान, आणि ते ज्ञान एकट्या कारागिराच्या हातात कधीच नव्हते. गायकाने काय हवे ते सांगायचे, कारागिराने ते तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर उतरवायचे, गायकाने पुन्हा ऐकायचे, अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या देवाणघेवाणीतून ते घडले. तंबोऱ्याचा अर्धा कारागीर गायक असतो. तो अर्धा भाग गळून पडला, तर उरलेला अर्धा कोणतेही मानांकन वाचवू शकणार नाही, असे माझे मत आहे.

या कलेचा इतिहासच त्याची साक्ष देतो. मिरजेच्या वाद्यनिर्मितीचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, फरीदसाहेब शिकलगार यांच्यापाशी जाते. शिकलगार म्हणजे शस्त्रे घडवणारे, त्यांना धार लावणारे. इंग्रजी अंमल बसला, संस्थानांच्या फौजा आटल्या आणि तलवारीचे गिऱ्हाईक संपले. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. दरबारात गाणे होते, गवई होते, आणि गवयांची वाद्ये बिघडली की ती दुरुस्त करणारे जवळपास कोणी नव्हते. हत्यार हाताळणारे बोट वाद्याकडे वळले ते या गरजेतून. म्हणजे मिरजेत आधी दुरुस्ती आली, मग निर्मिती. बिघडलेले वाद्य उघडून, ते का बोलत नाही हे गवयाकडून समजून घेत शिकलेली ही विद्या आहे. पुढे सतारमेकर हे आडनावच रूढ झाले आणि काम घराण्यांतून चालत राहिले.

एवढ्यावर ही कला गावापुरती राहिली असती. ती वाढली, कारण मिरजेच्या परिसरात ऐकणारे कान दाटीने जमले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली आणि मिरजेत शिष्य घडवले. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे इथेच शिकले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांना ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या परिसरात दफन केले गेले, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणे होते. करीम खाँ सुरांच्या बाबतीत विलक्षण काटेकोर होते आणि वाद्यदुरुस्तीत त्यांचा स्वतःचा हात चालत असे. शेजारच्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींची मोजदाद करत होते. त्या कामात इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स आणि करीम खाँ यांचाही सहभाग होता. त्यात रेल्वेचे जंक्शन: पुण्या-मुंबईची गाडी इथे येते, धारवाड-हुबळीची येते आणि कोल्हापूरचीही. सगळ्या बाजूंचे गवई तंबोरा घेऊन उतरू शकत. गरजू गवई दाराशी असणे हे मिरजेचे खरे भांडवल होते.

वाद्य कसे घडते ते पाहिले की गायकाची जागा कुठे आहे ते कळते. भोपळे येतात भीमाकाठच्या पंढरपूर-मंगळवेढे पट्ट्यातून. हे खाण्याचे भोपळे नव्हेत. जाड सालीचे, कडू, खास वाद्यांसाठी पिकवलेले असतात, आणि त्यांचा घेर व आकार पाहूनच कुठला भोपळा पुरुषी तंबोऱ्याला व कुठला बायकी तंबोऱ्याला लागेल ते ठरते. वाळलेला भोपळा कापून, भिजवून, आतून साफ करून पुन्हा वाळवतात. तुणीच्या लाकडाचा गळा त्याला जोडला जातो, पोकळ दांडी चढते, भोपळ्याच्या तोंडावर किंचित फुगीर तबली बसते. मग खुंट्या, नक्षी, पॉलिश. इथपर्यंतचे काम सुतारकामाची नजर असलेला कुशल माणूस शिकू शकतो. पण हे सगळे झाल्यावरही तंबोरा मुकाच असतो. तबलीवरच्या घोडीची जवारी काढल्याशिवाय, म्हणजे तिचा माथा घासून नेमका केल्याशिवाय, त्याला आवाज फुटत नाही.

घोडीचा माथा वरवर सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर हलकेच टेकत-सुटत राहते. तारेखाली सुताचा धागा सरकवत नेला की एका ठरावीक जागी आवाज एकदम उघडतो आणि मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर फुलतात. सी. व्ही. रामन यांना याचे कुतूहल वाटले आणि १९२१ साली त्यांनी त्यावर लिहिले. तार ज्या बिंदूवर छेडावी तिथे ज्या उपस्वराची स्तब्ध जागा असते, तो उपस्वर निघू नये, असे युरोपात मांडलेला नियम सांगतो. तंबोऱ्यात आणि वीणेत तो ठसठशीत ऐकू येतो, आणि त्याचे कारण या घोडीच्या रचनेत आहे, हे त्यांनी दाखवले. खर्जाच्या तारेतून कोणी न लावलेला गांधार ऐकू येतो, तो याच उपस्वरांपैकी पाचवा. समान अंतराच्या पट्टीत जुळवलेल्या संवादिनीचा गांधार त्याच्याहून थोडा चढा असतो. गायक या स्वयंभू गांधारावर आपला गांधार टेकवायला शिकतो तो तंबोऱ्यापाशीच.

हा उतार किती ठेवायचा, याला एकच उत्तर नाही. काळी एकला गाणाऱ्याची जवारी आणि काळी चारला गाणारीची जवारी वेगळी. कोणाला खुली जवारी हवी, झणकारणारी. कोणाला बंद, गोल, आतून येणारी. म्हणून कारागीर कानशीचा एक हात मारतो, तार चढवतो, छेडतो, ऐकतो, तार उतरवतो, पुन्हा कानस. समोर गायक असेल तर तो सांगतो की आवाज दाटतोय, आस कमी पडतेय, जोडाच्या दोन तारा अजून एक होत नाहीत. या शब्दांना मोजमाप नाही, पण दोघांनाही त्यांचा अर्थ पक्का ठाऊक असतो. तारेच्या घर्षणाने घोडीवर चर पडतात आणि जवारी उतरते. वर्षा-दोन वर्षांनी वाद्य पुन्हा कारागिरापुढे येते, आणि बोलणी पुन्हा सुरू होतात. एका तंबोऱ्याच्या आयुष्यात ती अनेकदा होतात, आणि दर वेळी दोघेही थोडे अधिक शिकतात.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला, आता तर तो फोनमध्ये आहे, मग ही खटपट कशासाठी? हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. बंगळुरूचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांच्या रॅडेल कंपनीसारख्या प्रयत्नांतून १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हे यंत्र संगीतकारांच्या हाती आले. दोन खोल्यांच्या घरात राहणारा विद्यार्थी, प्रवासात रियाज करणारा गायक, परदेशात शिकणारी मुलगी, यांना त्याने आधार दिला. तंबोरा छेडायला माणूस मिळत नाही, हीही खरी अडचण आहे. पण यंत्र तयार स्वर पुरवते, आणि तयार स्वर मिळाला की तो जुळवायची पाळी येत नाही. खुंटी पिळताना, मणी सरकवताना, सूत लावताना कान जे शिकतो ते बटन दाबून शिकता येत नाही. असा कान तयारच झाला नाही, तर कारागिराला ‘अजून थोडी खुली करा’ असे सांगणार कोण? यंत्र गायकाची सोय करते, पण कारागिराचा परीक्षक हिरावून घेते. म्हणून यंत्र रियाजाला असू द्यावे, शिक्षणाचा पाया मात्र हाताच्या तंबोऱ्यावरच घातला जावा.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा. ज्ञान असे तोंडी आणि हातांत का ठेवायचे? घोडीचा उतार मोजा, चांगल्या तंबोऱ्यांचे नाद ध्वनिमुद्रित करा, हवे तर यंत्रावर घोड्या कोरा. यातला मोजण्याचा भाग मला पूर्ण मान्य आहे. जे ज्ञान दोन-चार घराण्यांत अडकून राहते ते एखाद्या पिढीत निसटू शकते, आणि घराण्याबाहेरच्या मुला-मुलींना शिकायची वाट मिळाली तर कला मोठीच होईल. पण मोजणी सांगेल ती एका घोडीची, एका तारेची, एका दिवसाची गोष्ट. तार जाड-बारीक झाली, स्वर अर्ध्या पट्टीने बदलला, पावसाळ्यात लाकूड फुगले की तोच उतार चुकीचा ठरतो. नोंदी शिकणाऱ्याला लवकर उंबऱ्यापर्यंत नेतील. शेवटचा निर्णय ऐकूनच करावा लागतो, आणि कोणाचे ऐकून, हा प्रश्न पुन्हा गायकापाशी येतो.

तिसरा आक्षेप सर्वांत कठोर आहे, कारण तो पोटाचा आहे. कारागिराच्या मुलाने नोकरी धरली तर त्याला परंपरेची आठवण करून देण्याचा अधिकार कोणाला आहे? कोणालाच नाही. म्हणूनच कलेच्या गौरवाबरोबर तिच्या मोलाचाही विचार करावा लागतो. मानांकनामुळे मिरजेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या नकली वाद्यांना आळा बसू शकेल, आणि ते चांगलेच आहे. पण मानांकन विक्रीच्या क्षणाला संरक्षण देते. या कलेचे सर्वांत कठीण काम विक्रीनंतर, जवारीच्या वेळी होते, आणि त्यालाच आपण किरकोळ दुरुस्ती समजतो. नव्या वाद्याला हजारो रुपये मोजणारा माणूस जवारीला घासाघीस करतो. पियानो जुळवणाऱ्याला जगभर तज्ज्ञ मानतात. जवारी काढणाऱ्याचे काम त्याहून सोपे नाही, कारण तो स्वराच्या उंचीबरोबर स्वराचा पोतही घडवतो.

तेव्हा करायचे काय, याचे उत्तर फार मोठ्या योजनांत नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे कार्यालय मिरजेतच आहे, आणि त्याच्या परीक्षांना देशभर विद्यार्थी बसतात. स्वतः तंबोरा जुळवून दाखवणे आणि उतरलेली जवारी कानाने ओळखणे, याला अशा परीक्षांत भरघोस गुण असले तर हजारो घरांत आणि वर्गांत हाताचा तंबोरा परत येईल. संगीत विद्यालयांनी आणि महोत्सवांनी आपल्या वाद्यांच्या जवारीसाठी दर वर्षी पैसे बाजूला ठेवावेत आणि कारागिराला कलावंताच्या इतमामाने बोलवावे. गुरूंनी शिष्याला एकदा तरी कारागिरापुढे बसवून आपल्या गळ्याला साजेशी जवारी काढून घ्यायला शिकवावे. यातली एकही गोष्ट कारागिरावर उपकार म्हणून करायची नाही. सुरेल गाण्याची ती गरज आहे. मिरजेने गवयांचे ऐकून वाद्य घडवायला शिकवले. गवयांनी आपल्या वाट्याचा अर्धा भाग पुन्हा उचलला, तर मिरजेचे नाव कागदापुरते राहणार नाही.