मिरीच्या वासाची द्राक्षं

न्हावऱ्यात चार बायकांत वाईनचा विषय काढून बघा. पहिला प्रश्न ठरलेला, ‘म्हणजे दारूच ना?’ आणि हा प्रश्न विचारायचा त्यांना पुरेपूर हक्क आहे. आमचा भाग उसाचा. गावात घोडगंगा साखर कारखाना, चहूबाजूला ऊस. उसाची साखर होते, साखरेमागे मळी उरते आणि मळीपासून पुढे काय होतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ज्या घरात संध्याकाळी सातनंतर कडी वाजली की बाईच्या पोटात गोळा येतो, तिथे ‘द्राक्षाची’ आणि ‘उसाची’ असला फरक सांगायला जाणारी मी कोण?

तरी आज तो सांगणार आहे. कारण ही द्राक्षं आता आपल्या अंगणापर्यंत आली आहेत, आणि ती तोडणारे हात बहुतेक बायकांचेच आहेत.

द्राक्षाची एक काळी जात आहे, सिरा. नाव ऐकून माझ्या धाकट्या जावेला प्रसादाचा शिरा आठवला! हिचंच दुसरं नाव शिराज. इराणच्या शिराज शहरातून ती युरोपात गेली, अशी दंतकथा बरीच वर्षं चालली. पण १९९० च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनी तिची गुणसूत्रं तपासली, तेव्हा आई-बाप दोन्ही फ्रान्सचेच निघाले. ‘माँद्यूझ ब्लांश’ नावाची पांढरी द्राक्षं आणि ‘द्यूरेझा’ नावाची काळी द्राक्षं यांच्या संकरातून ती जन्मली. माहेर फ्रान्समधल्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यातलं. तिची खरी गंमत वासात आहे. तिच्या वाईनला काळ्या मिरीचा वास येतो म्हणतात, आणि तो नुसता जाणकारांचा नखरा नाही. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यामागचं द्रव्य शोधून काढलं, रोटुंडोन. आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या मिरीलाही तो वास त्याच द्रव्यामुळे येतो. हवा थंड असेल तर मिरी जास्त, ऊन कडक असेल तर कमी.

आता ही फ्रान्सची पोर आमच्याकडे कुठे सापडली? न्हावऱ्याहून पारगावला भीमा ओलांडली की चौफुला येतो. तिथून सोलापूर रस्त्याने पाटस, आणि पाटसहून बारामतीकडे वळलं की रोटी घाट. तुकोबांची पालखी याच घाटातून पुढे उंडवडीला जाते, त्यामुळे नाव तुम्हाला नवं नसेल. याच रोटी गावच्या माळावर विजय मल्ल्यांच्या उद्योगसमूहाने २००६ च्या सुमारास द्राक्षबागा उभ्या करायला घेतल्या आणि ‘फोर सीझन्स’ नावाची वाईनरी बांधली. टेकाडावरची ती इमारत युरोपातल्या राजवाड्यासारखी दिसते. इकडे दौंडचं कुसळी माळरान, तिकडे मनोरे! पुढे मल्ल्यांचं जे व्हायचं ते झालं, आणि २०१९ च्या सुमारास ती वाईनरी ग्रोव्हर झांपा या दुसऱ्या वाईन कंपनीकडे गेली. तिथल्या वाईनमध्ये शिराज पहिल्यापासून आहे.

सिराचा मणी मी पहिल्यांदा चाखला तो एका ओळखीच्यांच्या मळ्यात. घड छोटा, मणी जेमतेम करवंदाएवढा, साल जाड आणि आत बियाच बिया. तोडणीला आलेल्या मावशी हसायला लागल्या. ‘‘ताई, ही खायची न्हाईत. आमी बी पयल्या दिशी घरी पोरान्ला घिऊन गेलो, तर पोरं थुकली.’’ गोड मात्र भयंकर. खायच्या द्राक्षापेक्षा साखर कितीतरी जास्त, आणि तीच कामाची. काळी द्राक्षं सालीसकट ठेचतात, यीस्टवर आंबवतात. आपण इडलीचं पीठ रात्री झाकून ठेवतो ना, करामत त्याच जातीची. यीस्ट साखर खातं, मद्यार्क आणि वायू सोडतं. रस मुळात फिकाच असतो, लाल रंग सालीचा उतरतो. बाटलीमागे साधारण किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात. तयार वाईनमध्ये मद्यार्क शेकडा १२ ते १४. व्हिस्कीत तो ४२ च्या पुढे असतो. म्हणजे फरक आहे, पण ‘वाईन म्हणजे सरबत’ असं कुणी सांगितलं तर त्यावरही विश्वास ठेवू नका. ग्लास वाढले की हिशेब तिथेच येतो.

बाटलीवर छापलेलं साल आपल्याला कळायला सोपं आहे. आपण नाही का म्हणत, ‘यंदाचा गहू बरा, गेल्या साली पाऊस लांबला होता’? साल म्हणजे द्राक्ष तोडल्याचं वर्ष. त्या वर्षाचं ऊन, थंडी, अवकाळी, सगळं त्या रसात उतरतं. इटलीत द्राक्षाची वेल हिवाळ्यात पानं गाळून चक्क झोपते आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. आपल्याकडे थंडी कसली! वेल झोपतच नाही. म्हणून तिला दोनदा छाटावं लागतं, एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा ओसरला की गोडी छाटणी. माल येतो जानेवारी ते मार्च. बारा महिने जागी राहणारी वेल बघितली, की मला आपल्याच बायका आठवतात. असो.

इटलीचं नाव आलंच आहे, तर अकलूजला जाऊ या. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या मोटेवाडीला ‘फ्रातेल्ली’ नावाची वाईनरी आहे. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीतले सेच्ची बंधू, अशा तीन घरच्या भावांनी मिळून २००७ च्या आसपास ती सुरू केली. वाईन करायला टस्कनीहून पिएरो मासी नावाचे जाणते गृहस्थ आले. भाऊ सहा आणि मासी सातवे, म्हणून त्यांच्या सगळ्यात नावाजलेल्या वाईनचं नाव ‘सेत्ते’, म्हणजे सात. (तीन घरांत बहिणी नव्हत्या का, हे मी नाही विचारलं, पण मनात आलंच.) ‘सेत्ते’मध्ये टस्कनीची लाडकी सांजोव्हेजे आहे, आणि सिराही त्यांच्या बागेत आहे.

ही टस्कनी म्हणजे फ्लॉरेन्सच्या आसपासचा डोंगराळ मुलूख. तिथे सिराची काय कथा? तसं पाहिलं तर तिथेही ती परकीच. कोर्तोना गावच्या परिसराने तिला आपलंसं केलं आणि १९९९ साली तिथल्या वाईनला सरकारी मानांकन मिळालं. दुसरीकडे कियांती भागात इझोले आणि ओलेना अशा दोन शेजारच्या वाड्या होत्या. दे मार्की कुटुंबाने १९५० च्या दशकात त्या घेऊन एक केल्या. पाओलो दे मार्कींनी १९८० च्या दशकात तिथे सिरा लावली. तिची वाईन जगभर वाखाणली गेली. २०२२ मध्ये ती मालमत्ता एका फ्रेंच समूहाने विकत घेतली.

पण मला वाईनपेक्षा त्या वाड्यांचा इतिहास जास्त जवळचा वाटतो. टस्कनीत शेकडो वर्षं ‘मेझ्झाद्रिया’ चालली. जमीन मालकाची, राबणूक कुळाची आणि पीक निम्मं-निम्मं. आपल्याकडे अर्धेलीने शेती करतात तसंच की! तिथे कुळाच्या घरात एक कारभारी पुरुष आणि एक कारभारीण. स्वयंपाक, कोंबड्या, सणवार, सुनांना कामं वाटून देणं, सारं तिच्याकडे. घरात लग्न ठरवायचं तरी पुष्कळ ठिकाणी मालकाची संमती लागायची. घरात किती हात राबायला आहेत, यावर त्याच्या वाट्याचं पीक ठरायचं ना! दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण पोरं शहरात कारखान्यांकडे निघाली. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करायलाच बंदी आली. वाड्या ओस पडल्या. आज पर्यटक ज्या दगडी घरांत पैसे मोजून राहतात, ती बरीचशी याच कुळांची घरं.

त्याच टस्कनीतली अजून एक हकिगत सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोनातेल्ला चिनेल्ली कोलोंबिनी या बाईंनी मोंताल्चिनोला आपली वाईनरी सुरू करताना सिएनाच्या वाईन-शिक्षणाच्या शाळेकडे एक कामगार मागितला. उत्तर आलं, मुलगे हवे असतील तर थांबावं लागेल, मागणी फार आहे. ‘आणि मुली?’ मुली भरपूर आहेत, त्यांना कुणी घेतच नाही! बाईंनी मुलीच घेतल्या. १९९८ पासून त्यांचं तळघर बायकाच चालवतात, आणि वाईनरीचं नावही ‘प्रीमे दोन्ने’. आपल्याकडे मुंबईच्या सोनल हॉलंड यांनी २०१६ मध्ये ‘मास्टर ऑफ वाईन’ ही जगातली अतिशय अवघड परीक्षा उत्तीर्ण केली. ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

हे झालं कौतुक. आता दुसरी बाजू. महाराष्ट्राने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, करात सवलती दिल्या. त्याआधी आपल्याच जिल्ह्यात नारायणगावला शामराव चौगुल्यांची ‘इंडेज’ १९८० च्या दशकापासून नावाजलेली होती. मग नाशिककडे वाईनऱ्याच वाईनऱ्या उभ्या राहिल्या, शेतकऱ्यांनी करार केले, वेली लावल्या. २००८ ची मंदी आली, खप बसला आणि कित्येक वाईनऱ्या बंद पडल्या. इंडेजही २०१० पर्यंत कोसळली. निफाडकडे माझी एक मावसबहीण दिली आहे. कुठल्याशा कंपनीने त्यांचा माल उचलला नाही. खायची द्राक्षं असती तर बाजारात नेली असती, गेला बाजार बेदाणा केला असता. या बियांच्या द्राक्षांचं काय करणार? घेणारा एकच, तो फिरला की संपलं. बहिणीच्या पाटल्या मोडून बाग उपटली आणि टोमॅटो लावला. करारावर सही दाजींची होती, पाटल्या तिच्या होत्या. ज्या बहिणी आज अशी बाग लावायला निघाल्यात, त्यांनी घरात एवढंच विचारावं, माल नाही उचलला तर कागदात काय लिहिलंय?

आणि तो पहिला प्रश्न, दारूचा. २७ जानेवारी २०२२ ला राज्याच्या मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांवरच्या किराणा-सुपरमार्केटात वाईन विकू द्यायचं ठरवलं. शेतकऱ्याचं भलं होईल, असं कारण दिलं. शेजारच्या पारनेरात राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे उपोषणाला निघाले, गदारोळ झाला, हरकती मागवल्या आणि निर्णय अंमलात आला नाही. मला विचाराल तर बरं झालं. द्राक्षवाल्याचं भलं मलाही हवंय, पण तांदूळ-डाळीच्या फडताळाशेजारी ती बाटली नको. ज्या गावांतल्या बायकांनी उन्हात रांगा लावून ‘आडवी बाटली’ला मतं दिली आणि दुकान बंद करायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्तींची मतं गोळा करायची म्हणजे काय, ते अनुभवलं, त्यांना कुणी शेतकऱ्याचं प्रेम शिकवायला नको. त्याही शेतकऱ्याच्याच घरच्या आहेत. पेला कुणी हातात धरायचा हा ज्याचा-त्याचा प्रश्न, पण ती बाटली कुठे उभी राहणार, यात आपलं मत धरलंच पाहिजे.

मळ्यातल्या त्या मावशींना मी वाईन चाखलीत का, असं विचारलं. ‘‘आमाला कोन देतंय? आन् दिली तरी नको. घरात एक पिनारा हाये तेवढा बास.’’ त्यांना बोलायचं होतं हजेरीबद्दल. गड्याला जास्त, बाईला कमी, काम तेच. घड चेपू न देता कातरायला बाईचाच हात लागतो, हे मुकादमही कबूल करतो, पण पैसे देताना विसरतो. यंदा त्यांच्या टोळीने हजेरी नाकारली आणि क्रेटवर भाव ठरवून घेतला. क्रेटला बाई-गडी कळत नाही ना! द्राक्ष तापायच्या आत तोडावं लागतं, म्हणून पहाटे डोक्याला बॅटऱ्या बांधून त्या सुरू करतात. दहाच्या सुमारास तोडणी आटोपते. मग भाकरी खाऊन सगळी टोळी कांद्याला जाते.