कॅसेटींतली माणसे आणि हजार रुपयांचे कार्ड

जपून ठेवण्याची विद्या बडोद्याला कोणी नव्याने शिकवावी असे नाही. १८८६ साली येथे गायनशाळा निघाली आणि मौलाबक्षांनी गाणे कागदावर उतरविण्याची लिपी बसविली. १९१० पासून मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी झाली. हे सारे दरबारच्या आश्रयाने झाले. परंतु गाणे आणि ग्रंथ यांखेरीज एक तिसरा ठेवा आपल्या घराघरांतून आज पडून आहे, आणि त्याला कोणताही दरबार वाली नाही. तो म्हणजे कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवलेल्या व्हिडिओ कॅसेटी. कोणाच्या मुंजीची, कोणाच्या लग्नाची, कोणाच्या गणेशोत्सवातल्या हौशी नाटकाची, तर कोणाच्या आजोबांच्या पंचाहत्तरीची. त्या फितींवरची निम्मी माणसे आज हयात नाहीत. त्यांचे फोटो भिंतीवर आहेत. पण त्यांचे चालणे, हसणे आणि मुख्य म्हणजे आवाज, हे फक्त त्या काळ्या डब्यांत आहे.

व्ही.एच.एस. पद्धतीची कॅसेट जपानात १९७६ साली बाजारात आली. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन सुरू झाले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लग्न म्हटले की व्हिडिओवाला आलाच, अशी रीत पडली. म्हणजे यांतल्या बहुतेक फिती आता तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या. प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय भुकटीचा लेप, असे त्या फितीचे स्वरूप. दमट हवेत त्यावर बुरशी धरते आणि लेप सैल होतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, त्या वेळी तळमजल्यावर राहणाऱ्यांना ट्रंकेतल्या वस्तूंची काय किंमत असते ते वेगळे सांगावे लागले नाही.

पण फितीहून अधिक घाई यंत्राची आहे. व्ही.सी.आर. बनविणारी जगातली शेवटची म्हणून ज्ञात असलेली जपानी कंपनी फुनाई हिने जुलै २०१६ मध्ये ते काम थांबविले. यापुढे जी यंत्रे मिळतील ती जुनीच, आणि दरवर्षी थोडी अधिक झिजलेली. तेव्हा कॅसेटीतले चित्र संगणकावर उतरवून घ्यायचे असेल तर ते आताच घेतले पाहिजे. त्यासाठी कोणते कार्ड घ्यावे आणि किती पैसे घालावेत, असा प्रश्न मला ओळखीच्या घरांतून वारंवार विचारला जातो. गेली काही वर्षे हौसेखातर मी हेच काम करीत असल्याने, जे अनुभवास आले ते येथे मांडतो.

ट्यूनर हवा की नको?

एके काळी टी.व्ही. ट्यूनर कार्ड ही मोठी अपूर्वाईची वस्तू होती. संगणकात एक पत्रा बसवायचा, त्याला अँटेनाची किंवा केबलची तार जोडायची, की संगणकाच्या पडद्यावर टी.व्ही. दिसू लागे. आता तो ट्यूनर बहुतांशी निरुपयोगी झाला आहे. २०१३ साली केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात आपल्या शहरात सेट-टॉप बॉक्स आला. पुढे २०२२ पर्यंत दूरदर्शनची जुन्या पद्धतीची प्रक्षेपणेही देशात जवळजवळ सर्वत्र बंद झाली. म्हणून केवळ 'यात ट्यूनरही आहे' म्हणून कोणी जास्त पैसे मागू लागला तर ते देऊ नयेत.

याला अपवाद एकच. काही जुन्या यंत्रांना पिवळी-लाल-पांढरी भोके नसतात, अथवा असून बिघडलेली असतात, आणि चित्र केवळ अँटेनाच्या तारेतून बाहेर येते. अशा घरी जुने ट्यूनर कार्ड अजून कामास येते. पण जेथे पिवळे भोक चालू आहे तेथे तेच वापरावे. अँटेनाच्या वाटेने येणारे चित्र आणखी एका गाळणीतून गाळल्यासारखे फिके होऊन येते.

ही जुनी कार्डे भंगारभावात मिळतात आणि त्यांपैकी काही खरोखर उत्तम आहेत. मात्र ती ज्या पी.सी.आय. खाचेत बसतात ती खाच नव्या संगणकांत सहसा नसते, आणि नव्या विंडोजसाठी त्यांचे ड्रायव्हरही मिळत नाहीत. ज्यांच्या माळ्यावर जुना, चालू स्थितीतला संगणक आहे, किंवा ज्यांचा मुलगा लिनक्सशी खेळतो, त्यांनीच त्या वाटेला जावे. इतरांनी यू.एस.बी.ला लावायचे लहान कार्ड घ्यावे.

वेष्टणावरचे शब्द आणि आतले काम

यू.एस.बी. कार्डांत दोन जाती आहेत आणि दुकानदार बहुधा त्या एकाच दमात दाखवितो. पहिलीला पिवळी, लाल, पांढरी आणि बहुधा एस-व्हिडिओची गोल अशी भोके असतात. ती कॅसेटींसाठीच आहे. दुसरीला केवळ एच.डी.एम.आय.चे भोक असते आणि वेष्टणावर '१०८०' हा आकडा ठळक छापलेला असतो. दोन्ही हजार रुपयांच्या आत मिळू शकतात, त्यामुळे साहजिकच मोठ्या आकड्याकडे हात जातो. तेथे थोडे थांबावे.

आपल्या पाल पद्धतीच्या चित्रात दर सेकंदाला २५ चित्रे असतात आणि प्रत्येकात ६२५ ओळी, त्यांपैकी दिसणाऱ्या ५७६. त्यातही व्ही.एच.एस. आडव्या दिशेने साधारण २४० रेषांइतकाच बारकावा धरू शकते. शेरभर दूध पातेल्यात ओतले काय नि हंड्यात ओतले काय, दूध शेरभरच राहणार. उलट दुसऱ्या जातीच्या कार्डासाठी मध्ये आणखी एक डबी लागते, ती जुन्या चित्राचे एच.डी.एम.आय.मध्ये रूपांतर करते. अशा स्वस्त डब्या बहुधा सेकंदाला ५० वेळा येणारे अर्धचित्र ६० च्या मापात कोंबतात, आणि मग नवरीच्या मिरवणुकीतला बँड धक्के खात चालू लागतो. म्हणून कॅसेटींसाठी पहिलीच जात घ्यावी, आणि तिने ७२० गुणिले ५७६ हे माप जसेच्या तसे दिले म्हणजे पुरे.

त्या अर्धचित्रांविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येते, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. संगणकावर हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दाते दिसतात ते यामुळेच. ते दिसले तर कार्ड वाईट असे समजू नये. उलट दोन्ही हप्ते शाबूत आल्याची ती खूण आहे. ते दाते पुढे सॉफ्टवेअरने काढता येतात. जे कार्ड एक हप्ता फेकूनच देते, त्याचे चित्र गुळगुळीत दिसले तरी अर्धा माल वाटेतच सांडलेला असतो.

एस-व्हिडिओचे भोक असलेले कार्ड शक्यतो निवडावे. फितीवर उजेड आणि रंग वेगवेगळे नोंदलेले असतात; पिवळ्या तारेत त्यांची पुन्हा मिसळ होते, एस-व्हिडिओत ती होत नाही. आपल्या यंत्राला तशी सोय नसली तरी बिघडत नाही, पण असली तर फुकट मिळणारा लाभ सोडू नये.

आवाजाची परीक्षा

कार्डाची खरी परीक्षा चित्रात नाही, आवाजात आहे. काही स्वस्त कार्डे चित्र तेवढे घेतात आणि आवाज संगणकाच्या वेगळ्या भोकातून घ्यायला लावतात. दोघांची घड्याळे वेगळी. पहिल्या मिनिटाला सारे ठीक असते. तासाभराने तबल्यावर थाप पडते आधी आणि सम ऐकू येते मागून. ज्या गावाने फैयाझखाँ ऐकले, त्या गावात असली फीत पुढच्या पिढीला देणे बरे नव्हे. म्हणून लाल-पांढरी भोके कार्डावरच असावीत आणि आवाज त्याच तारेने संगणकात जावा.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने आपली लग्नाची कॅसेट एका दुकानात उतरवून घेतली. सीडी घरी आली, सुरुवात पाहिली, सर्वांना आनंद झाला. चार महिन्यांनी पूर्ण पाहिली तेव्हा मंगलाष्टकांच्या मधोमध दीड मिनिट निळा पडदा निघाला, आणि पुढे भटजींचे ओठ एकीकडे नि शब्द दुसरीकडे. दरम्यान मूळ कॅसेट 'आता काय करायची' म्हणून टाकून दिलेली होती. दुकानदाराचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही; शेवटपर्यंत कोणी पाहिलेच नव्हते, एवढेच.

यास्तव कार्ड घेताना परत करण्याची मुदत विचारून घ्यावी आणि त्या मुदतीत एक पूर्ण तास नोंदवून पाहावा. कॅसेट मुद्दाम जराशी झिजलेलीच घ्यावी. अगदी आरंभी आणि अगदी अखेरीस ओठ व आवाज जुळतात का, चित्र थरथरले की कार्ड निळे पडते का, पांढऱ्या धोतराच्या निऱ्या दिसतात की नुसता पांढरा ठिपका दिसतो, या तीन गोष्टी तपासाव्यात. चित्राच्या अगदी तळाशी दोन-चार ओळी फाटल्यासारख्या दिसतात, ते मात्र यंत्राच्या डोक्याच्या अदलाबदलीमुळे. त्याला कार्ड जबाबदार नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठविलेल्या कॅसेटी असतील तर त्या एन.टी.एस.सी. पद्धतीच्या असतात, व्ही.सी.आर. आणि कार्ड दोन्हींना ती पद्धत यायला हवी, नाहीतर चित्र कृष्णधवल निघते किंवा वरखाली धावू लागते.

पैसे कोठे घालावेत?

माझे मत सरळ आहे. कार्ड साधे घ्यावे आणि उरलेले पैसे व्ही.सी.आर.वर खर्चावेत. चित्र वाचते ते यंत्राचे डोके. मिनिटाला १५०० फेरे घेणारे ते चाक मळलेले असेल तर दहा हजारांचे कार्डही मळच नोंदवील. जाणत्या कारागिराकडून ते साफ करून घ्यावे, पट्टे बदलावेत. बुरशी धरलेली कॅसेट आधी घालू नये. एकीची बुरशी यंत्रावाटे दहांना लागते. चित्राच्या कडा फारच डुलत असतील तर जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडून पाहावा. त्यांतले काही चित्र सरळ करून पुढे देतात.

नोंद करताना जागेची कंजुषी करू नये. काहीही न दाबता घेतले तर तासाला सुमारे ७५ जी.बी. लागतात, तितके कोणी घ्यावे असे नाही. सेकंदाला १० मेगाबिटच्या मापाने घेतल्यास साडेचार जी.बी.त तासाचे चित्र घरच्या कामापुरते चांगले येते. त्यासाठी ओ.बी.एस.सारखे फुकट सॉफ्टवेअर पुरते. एक प्रत घरी आणि एक दुसऱ्या गावच्या मुलीकडे, अशा दोन तरी ठेवाव्यात. मूळ कॅसेटी टाकू नयेत, उभ्या ठेवाव्यात.

या कामाला एक अडचण आहे, ती कोणत्याही कार्डाने सुटत नाही. तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास लागतात. पुष्कळांना हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. मला तसे वाटत नाही. त्या तीन तासांत घरातल्या सर्वांत वडील माणसाला पडद्यासमोर बसवावे, आणि वही-पेन्सिल घेऊन शेजारी नातवंडाने बसावे. पंगतीत तिसऱ्या पानावर बसलेले कोण, फेट्यातले ते गृहस्थ कोणाचे मामा, नाटकात लक्ष्मीचे काम केलेली मुलगी पुढे कोठे गेली, हे सांगणारे माणूस अजून घरात आहे. कार्ड उद्याही मिळेल. ते माणूस उद्या मिळेलच असे नाही. शुभस्य शीघ्रम्.